मोटार बंद करणारी ओळ

प्राध्यापक : तिसऱ्या वर्षाच्या पोरांना लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, दुरुस्तीचे पॅच पाठवायला शिकवू या, असं तू म्हणतेस. तुझ्या तळमळीबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती हिशेबाची. आपल्याकडे येणारं पोर कुठून येतं ते तुला सांगायला नको, तू त्यातलीच आहेस. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर, कोपरगाव इथं कॉलेजं उभी राहिली. तेव्हापासून या नगर जिल्ह्यातला बाप उसाच्या बिलावर नाहीतर दुधाच्या पगारावर फी भरतो आणि चार वर्षांनी नोकरीची वाट बघतो. त्या पोराच्या हातात दिवसाचे दोन तास मोकळे असतील, तर ते त्यानं मुलाखतीच्या तयारीला द्यावेत, की साडेतीन-चार कोटी ओळींच्या एका प्रोग्रामच्या दारात उभं राहायला? मुरलेल्या इंजिनिअरला जे समजायला वर्षं लागतात, तिथं अकोले तालुक्यातल्या किंवा जामखेडच्या पोराला आत कोण घेणार? आणि घेतलंच, तर ते आत जाऊन करणार काय?

माजी विद्यार्थिनी : सर, चार कोटी ओळी कोणीच वाचत नाही, खुद्द लिनस टोरवाल्डससुद्धा. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना त्यानं पहिली आवृत्ती काढली, तेव्हा ती दहा हजार ओळींच्या आसपास होती. तेवढं एका डोक्यात मावतं. आज निम्म्याहून जास्त भाग नुसत्या ड्रायव्हरांचा आहे. नेटवर्क कार्ड, कॅमेरा, बॅटरी मोजणारी चिप, तापमानाचा सेन्सर, एकेकाचं आपलं स्वतंत्र बिऱ्हाड. त्या बिऱ्हाडात कोणाला विचारायचं, याची यादी कर्नेलच्या कोडमध्येच असते आणि ती शोधून देणारी स्क्रिप्टही तिथंच असते. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. तिच्यात दोन हजारांच्या आसपास लोकांचं काम असतं आणि त्यांतले दोनशेहून अधिक जण पहिल्यांदाच आलेले असतात. दार बंद असतं तर हे दोनशे दर वेळी आले कुठून?

आत जाऊन करायचं काय, ते माझ्याच पॅचवरून सांगते. एका लहानशा चिपचा ड्रायव्हर होता. सुरू होताना तो आधी चिपचं क्लॉक चालू करायचा, मग इंटरप्ट मागायचा. इंटरप्ट मिळाला नाही, की फंक्शन एरर देऊन सरळ परत. परत जाताना क्लॉक बंद करायचं मात्र राहून गेलं होतं. ते वाचताना मला आमची विहीर आठवली. रात्री अकराला लाईट यायची. वडील स्टार्टर दाबून मळ्याकडे निघायचे. एकदा पाइप निसटलेला दिसला, जोडायला माणूस नव्हता, वडील दुसऱ्या वाटेनं तसेच घरी आले. मोटार चालूच. सकाळपर्यंत विहिरीचं पाणी बांधावर. कर्नेलमध्ये अशा परतवाटेला एरर पाथ म्हणतात. परतायची प्रत्येक वाट स्टार्टरवरून गेली पाहिजे. म्हणून फंक्शनच्या शेवटी एकाखाली एक लेबलं असतात आणि जे ज्या क्रमानं चालू केलं, ते उलट्या क्रमानं बंद करत यायचं. माझा पॅच तीन ओळींचा. रिटर्नच्या जागी गोटू, खाली एक लेबल, आणि त्याखाली क्लॉक बंद करणारी ओळ.

या तीन ओळींना मला अकरा दिवस लागले. पहिले दोन दिवस, ही चूक खरंच चूक आहे ना हे ताडून बघण्यात. मग ती केव्हा आत शिरली, ते बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये मागं मागं जात शोधलं. ज्या कमिटनं, म्हणजे नोंदलेल्या बदलानं, ती आणली तिच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरं 'फिक्सेस' म्हणून पॅचच्या खाली लिहावी लागतात, म्हणजे जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना कळतं, की ही दुरुस्ती त्यांनाही घ्यायची आहे. आणि सगळ्यांत जास्त वेळ गेला तो पॅचच्या वर मजकूर लिहिण्यात. काय बदललं ते कोड सांगतोच. का बदललं, बदललं नाही तर काय बिघडतं, ते माणसानं सांगायचं असतं. सर, चार वर्षांत 'का' एवढंच विचारणारी एकही प्रश्नपत्रिका मी सोडवली नव्हती.

प्राध्यापक : तुझी मोटार मला पटली. पण तू पॅच पाठवणाऱ्याच्या बाजूनं बोलतेस, मला तो वाचणाऱ्याची काळजी वाटते. तू अकरा दिवस घेतलेस. आमच्या वर्गातली साठ पोरं अकरा मिनिटं घेतील. 'कर्नेलमध्ये योगदान' ही ओळ बायोडेटावर येते म्हटल्यावर कुठं मोकळी जागा कमी करतील, कुठं कॉमेंटमधलं स्पेलिंग सुधारतील आणि पाठवून देतील. त्यातलं एखादं चुकीचंही असेल. पलीकडे बसलेला माणूस ते उघडणार, वाचणार, उत्तर लिहिणार. त्याच्या वेळेची किंमत कोण मोजणार?

तुला नेवाशाचा दाखला देतो, आपल्याच जिल्ह्यातला. ज्ञानेश्वरी नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढं नकला होत गेल्या. नक्कल करणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, आपलीही एखादी ओवी इथं शोभेल. तीनशे वर्षांत पाठ इतके गढूळ झाले, की पैठणच्या एकनाथांना १५८४ साली जुन्या प्रती जमवून, ताडून, शुद्ध प्रत तयार करावी लागली. आणि शेवटी त्यांनी बजावून ठेवलं, की यापुढं यात जो आपली ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. ते कठोर वाटतं, पण ज्यानं साफसफाई केली त्याचं दुखणं त्यात आहे. मेंटेनर, म्हणजे आलेला पॅच तपासून आत घेणारा, हाही एकनाथांचंच काम करणारा माणूस. त्याच्या ताटात साठ करवंट्या ठेवायला मी माझ्या वर्गाला पाठवू?

आणि हे काही माझ्या मनचं भय नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचं प्रकरण झालं. तिथल्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवले होते. ते पकडले जातात की नाही, यावर त्यांना निबंध लिहायचा होता. ते उघड झाल्यावर कर्नेलचा मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमननं त्या विद्यापीठातून येणारं सगळंच थांबवलं आणि त्यांचं आधीचं काम पुन्हा तपासायला घेतलं. त्यातलं बरंचसं निर्दोष निघालं, पण तपासायला लागणारे श्रम कोणाच्या डोक्यावर बसले? चूक दोघा-तिघांची, नाव गेलं अख्ख्या विद्यापीठाचं. आमच्या एखाद्या पोरानं अजाणता घोळ घातला, तर पुढच्या पोराचा पत्ता बघूनच पॅच बाजूला पडेल.

माजी विद्यार्थिनी : साठ पोरांनी स्पेलिंगं सुधारत बसावं, असं मलाही वाटत नाही. तसल्या कामासाठी कर्नेलमध्ये 'स्टेजिंग' नावाची वेगळी जागाच ठेवलेली आहे. अजून पुरते पिकले नाहीत असे ड्रायव्हर तिथं असतात, प्रत्येकाबरोबर काय करायचं बाकी आहे त्याची यादी असते, आणि नवख्यानं पॅच लिहायचा, पाठवायचा, दुरुस्त करायचा सराव तिथं करावा अशी रीत आहे. बाकी ठिकाणी नुसत्या मोकळ्या जागांचे पॅच अनेक मेंटेनर घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पण एकनाथांच्या दाखल्यात एक फरक आहे. त्यांना तीनशे वर्षांनी बसून कोणती ओवी कोणी घातली, ते अंदाजानं शोधावं लागलं, कारण नक्कल करणाऱ्यानं आपलं नाव लिहिलेलं नव्हतं. इथं प्रत्येक ओळीला नाव आहे. २००५ मध्ये टोरवाल्डसनं गिट लिहिलं, तेव्हापासूनची कोणतीही ओळ उचला, ती कोणी, कधी, कशासाठी घातली, कोणी वाचून मान्य केली, सगळं पुढ्यात येतं. आणि ज्ञानेश्वरीचा ग्रंथ एकदा शुद्ध झाला की मिटून ठेवता येतो. कर्नेल मिटता येत नाही. दरवर्षी नवी चिप येते, जुन्या चिपमधली चूक नव्यानं कळते.

सर, मला खरं सांगायचं आहे ते त्या नावाबद्दल. पॅचच्या खाली एक ओळ असते, 'साइन्ड ऑफ बाय', पुढं आपलं नाव आणि ईमेल. पूर्वी ती नव्हती. २००३ मध्ये एससीओ कंपनीनं आयबीएमवर दावा लावला, की आमचा कोड लिनक्समध्ये घातला आहे. तेव्हा कोणती ओळ कुठून आली हे दाखवणं अवघड गेलं. म्हणून २००४ पासून ही सही आली. तिचा अर्थ एवढाच, की हे मी लिहिलं आहे किंवा मला द्यायचा हक्क आहे, आणि हे कायम उघड राहील हे मला मान्य आहे. आता सबमिशनच्या फाईली आठवा. सीनिअरची फाईल घ्यायची, राईट-अप उतरवायचा, आउटपुटवरचं नाव बदलायचं, सही घ्यायची. मीही तेच केलं आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला मी लिहिलेला शेड्युलर माझ्या आधीच्या तीन बॅचनी लिहिलेला होता. तुम्ही सही केलीत, तुमचाही नाइलाज होता, एका दुपारी साठ फाईली. त्या सहीचा माझ्या आयुष्यात काही अर्थ नव्हता. पॅचखाली स्वतःचं नाव टाइप केलं तेव्हा माझा हात थांबला. हे खोटं असेल तर जगासमोर खोटं ठरेल आणि पुसता येणार नाही. या भीतीनं मला जे शिकवलं, ते मला इथल्या पोरांना द्यायचं आहे.



प्राध्यापक : फाईलींचं तू बोललीस ते मी निमूट ऐकून घेतो. पण आता माझा दुसरा आक्षेप ऐक, तो जास्त खोल आहे. तुझं बोलणं ऐकताना असं वाटतं, की कर्नेल म्हणजे राळेगण किंवा हिवरे बाजारचं श्रमदान. सगळ्यांचा बंधारा, सगळ्यांनी खोरं घेऊन यावं. तसं ते नाही. कर्नेलमध्ये काम करणाऱ्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जण त्या कामाचा पगार घेतात. इंटेल, रेड हॅट, गूगल, एएमडी, अशा कंपन्यांची ती माणसं. मग आमचं पोर रात्री जागून जो दोष दुरुस्त करणार, त्याचा फायदा आधी कोणाला? त्या पगारदारांच्या रांगेत बिनपगारी उभं राहणं याला आपल्याकडे श्रमदान म्हणत नाहीत, वेठ म्हणतात.

या जिल्ह्यानं सगळ्यांच्या मालकीची गोष्ट कशी उभी करायची ते जगाला दाखवलं आहे. प्रवरानगरचा कारखाना विठ्ठलराव विख्यांनी शेतकऱ्यांच्या शेअरवर उभा केला, धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले, १९५० च्या अखेरीला गाळप सुरू झालं. पुढं सहकारात काय काय शिरलं ते मला माहीत आहे, त्यावर मी पांघरूण घालत नाही. पण पाया काय होता? एक सभासद, एक मत. दोन एकरवाल्यालाही वार्षिक सभेत उभं राहून 'हिशेब दाखवा' म्हणायचा हक्क. तुझ्या कर्नेलमध्ये मत कुठं आहे? शंभर पॅच दिले तरी शेवटी घ्यायचं की नाही ते मेंटेनर ठरवतो, त्याच्यावर टोरवाल्डस. सभा नाही, मतदान नाही. आणि 'फक्त पॅच बघतात, माणूस बघत नाहीत' हेही पुरतं खरं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाशी संबंध असलेल्या डझनभर लोकांची नावं मेंटेनरांच्या यादीतून काढली गेली, निर्बंधांच्या कायद्यामुळं. त्यांच्या कोडमध्ये खोट निघाली नव्हती. उद्या दोन देशांचं बिनसलं, तर आपलं पोर कुठल्या सभेत दाद मागणार?

माजी विद्यार्थिनी : त्या ऑक्टोबरच्या गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही. मी त्या दिवशी ते वाचलं तेव्हा मलाही धक्का बसला. ज्या देशात कंपन्या आणि संस्था नोंदलेल्या आहेत, त्या देशाचा कायदा त्यांच्यावर चालतो. एवढ्या उघड कामालाही ती वेस आहे, हे मी पोरांपासून लपवणार नाही.

मताचं मात्र मला वेगळं दिसतं. कारखान्यात मत आहे, पण सभासद रुसला तर कारखाना उचलून घरी नेऊ शकत नाही. इथं मत नाही, पण सगळा कारखाना उचलून नेता येतो. टोरवाल्डसचा निर्णय पटला नाही, तर आजची सगळीच्या सगळी प्रत, इतिहासासकट, घेऊन निघा आणि आपली वेगळी चालवा. त्याला कोणी अडवू शकत नाही. हा हक्क जीपीएल परवान्यातून येतो. टोरवाल्डसच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटायला बंदी होती. १९९२ मध्ये त्यानं जीपीएल घेतलं आणि विकायलाही मोकळीक दिली. अट एकच, बदल करून पुढं दिलंत तर बदललेला कोडही द्यायचा.

ही अट मला परकी वाटत नाही, कारण मी अकोले तालुक्यातली. तिथल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावरान बियाणं जपतात, २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांच्या बियाण्याच्या बँकेची रीत फार थोड्यांनी लक्ष देऊन ऐकली. बियाणं घेऊन जा, पेरा, आणि पुढच्या हंगामात नेलं त्याच्या दुप्पट आणून द्या. वाल नेला कोणी? गरिबानं नेला की बागायतदारानं, हे कोठीला महत्त्वाचं नाही. परत आला का, हे महत्त्वाचं. इंटेलचा इंजिनिअर पगार घेतो, घेऊ दे. त्यानं लिहिलेलं आपल्या कोठीत येऊन पडतं आणि माझ्या वडिलांच्या साध्या फोनमध्ये चालतं, कारण अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सच आहे. माझी तीन ओळींची मूठ त्याच कोठीत पडली. वेठीत केलेलं काम मालकाचं होतं. माझं काम सगळ्यांचं झालं आणि त्यावर माझं नावही राहिलं.

प्राध्यापक : वालाची गोष्ट सुंदर आहे, पण ती तू अर्धीच लावतेस. कोंभाळण्याला जो बियाणं नेतो, त्याला गाव ओळखतं. त्यानं परत आणलं नाही, तर पुढच्या वर्षी कोठीपाशी त्याला मान खाली घालावी लागते. कर्नेल घेऊन जाणाऱ्या कंपनीला कोण ओळखतं? स्वस्तातले फोन, राउटर, सेट-टॉप बॉक्स, कितीतरी जणांनी कर्नेल घेतला, बदलला, आणि कोड दिलाच नाही, किंवा दिला तो अर्धामुर्धा, चालणारच नाही असा. परवाना आहे, पण कोर्टात जायला पैसा आणि वर्षं लागतात. दुप्पट परत आणायची रीत ओळखीवर चालते. ओळख नसलेल्या ठिकाणी ती कागदावरची अट होते.

आणि तुझ्या वडिलांच्या फोनचं म्हणशील, तर तो फोन त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलतो हेही बघ. पॅच ईमेलनं जातो, इंग्रजीत. उत्तर येतं इंग्रजीत, आणि ते नेहमी गोड असतं असं नाही. टोरवाल्डसनं स्वतःच २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या बोलण्याबद्दल माफी मागितली, काही काळ बाजूला झाला, आणि आचारसंहिता आली. म्हणजे त्याआधी काय होतं, ते आलंच. वर्गात शंका विचारायला उभं राहताना ज्या पोरीचा आवाज कापतो, तिला 'हे चुकीचं आहे' असं साऱ्या जगादेखत लिहून आलं, तर ती दुसऱ्यांदा लिहील? तू लिहिलंस. तू अपवाद आहेस. अपवादावर अभ्यासक्रम बांधता येत नाही.

माजी विद्यार्थिनी : मी अपवाद नव्हते, सर. माझा पहिला पॅच परत आला होता. उत्तर दोन ओळींचं. एक, लेबलाचं नाव चुकीचं आहे, काय करतं ते नावातून दिसू दे. दोन, हीच चूक याच फाईलमध्ये आणखी एका जागी आहे, ती का सोडली? मी ते वाचून लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस उघडला नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, की या माणसानं माझ्या तीनच ओळी नव्हेत, अख्खी फाईल वाचली होती. चार वर्षांत माझं काम इतक्या बारकाईनं कोणी वाचलं नव्हतं. हे मी तुम्हाला लागावं म्हणून म्हणत नाही. मी दुसरी खेप पाठवली, वर 'व्ही टू' लिहून, आणि खाली काय बदललं त्याची नोंद करून. मग उत्तरच नाही. तिथला नियम असा, की किमान आठवडाभर थांबायचं आणि मगच आठवण करायची. नवी आवृत्ती निघाली की पहिले दोन आठवडे सगळे मोठमोठे बदल आत घेण्यात गुंतलेले असतात, तेव्हा तर आणखी थांबायचं. मी थांबले. सोळाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, घेतला म्हणून.

लॅपटॉपचं आणि लाईटचं तुम्ही बोलला नाहीत, पण ते तुमच्या मनात आहे. खरं आहे. चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर पूर्ण कर्नेल बांधायला घेतला तर रात्र जाते, आणि मधे लाईट गेली तर पंखा आणि धीर दोन्ही बंद. पण आपल्या मशीनला लागतं तेवढंच घेऊन बांधायची सोय आहे, मग तोच वेळ पुष्कळ कमी होतो. सगळा इतिहास उतरवायला काही जीबी लागतात. तो एकदा कॉलेजच्या लॅबमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर वाटता येतो. आणि चुकीचा कर्नेल चालवून लॅपटॉप बसेल अशी भीती असेल, तर क्यूएमू नावाचं यंत्रातलं यंत्र आहे, त्यात हवं तितक्या वेळा बसू द्या.

भाषेचं दुखणं मात्र खरं आहे. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर, जिथं ग्राफिक्स सुरू व्हायच्या आधीच्या ओळी येतात, तिथं आजही देवनागरी नीट उमटत नाही. त्या पडद्याच्या फाँटमध्ये फार तर ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोय तिथं नाही. आपण फेडोरात, गनोममध्ये मराठी बघतो, त्यामागे पुण्या-मुंबईत बसून शब्द न् शब्द मराठीत आणणाऱ्या लोकांचे कष्ट आहेत, पण ते सगळं कर्नेलच्या वरच्या मजल्यावर. कर्नेलची कागदपत्रं चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांत आहेत. मराठी त्यांत नाही. पॅच कसा पाठवायचा, हे एक प्रकरण जरी मराठीत आलं, तरी तुमच्या त्या आवाज कापणाऱ्या पोरीला पहिली पायरी आपल्या भाषेत मिळेल.

प्राध्यापक : आणि मूळ इंग्रजी प्रकरण बदललं की ते मराठी प्रकरण कोण बदलणार?

माजी विद्यार्थिनी : ज्यानं आणलं त्यानं.

प्राध्यापक : म्हणजे आपण पुन्हा तिथंच आलो. तू सगळं बोलत असताना मी एकच गोष्ट मोजत होतो. पॅच लिहिणारे दर आवृत्तीला दोनशे नवे येतात, हे तू अभिमानानं सांगितलंस. वाचणारे किती नवे येतात? तुझ्या फाईलमधली दुसरी चूक ज्यानं पकडली, तो माणूस तिथं किती वर्षं बसला आहे? मला आता प्रवेशाची चिंता वाटत नाही. प्रवेश आहे, तू तो दाखवलास. मला दिसतं ते असं, की सगळे जण मूठभर बियाणं घेऊन येतात आणि कोठी झाडायला, उंदीर लागला का बघायला, कोणी थांबत नाही. आमच्या पोरांना आपण पॅच लिहायला शिकवू. वाचायला कधी शिकवणार?

माजी विद्यार्थिनी : हे तुम्ही बरोबर धरलंत. मी आल्यापासून लिहिण्याचंच बोलते आहे. खरं तर सुरुवात वाचण्यातूनही करता येते, कदाचित तिथूनच करावी. दुसऱ्याचा पॅच घ्यायचा, आपल्या मशीनवर लावायचा, चालवून बघायचा, आणि चालला तर 'टेस्टेड बाय' म्हणून आपलं नाव द्यायचं. नाही चालला तर कुठं अडला ते नेमकं लिहायचं. आपल्याकडे जुनी, स्वस्त, अर्धवट चालणारी यंत्रं भरपूर आहेत. मोठ्या कंपनीच्या लॅबमध्ये ती नसतात. ज्या लॅपटॉपचा टचपॅड झोपेतून उठल्यावर चालत नाही, तो लॅपटॉप इथं गरिबी आहे, तिथं तो पुरावा आहे. हे काम बायोडेटावर फारसं चमकत नाही, म्हणून मी ते आधी बोलले नाही. ते माझं चुकलंच.

प्राध्यापक : तर मग असं करू. साठ नाही, तीन पोरं घे. त्यांची निवड मी करीन, आणि ती गुणांवर करणार नाही. पण त्यांचा एक शब्दही बाहेर जायच्या आधी इथं कोणीतरी वाचला पाहिजे. मला सी येतं, ऑपरेटिंग सिस्टीम मी वीस वर्षं शिकवतो आहे. तरी एरर पाथवरची लेबलं मी कधी अशी खालून वर वाचलेली नाहीत, हे आज तुझ्यासमोर कबूल करतो. मी शिकेन. तोवर कोण वाचणार?

माजी विद्यार्थिनी : मी वाचीन. शनिवारी आणि रविवारी. माझ्या नोकरीत हे काम मोजलं जात नाही, पण रात्रीचे दोन तास माझे असतात.

प्राध्यापक : किती वर्षं?

माजी विद्यार्थिनी : हे सत्र नक्की, सर. डिसेंबरपर्यंतचा शब्द देते.

प्राध्यापक : आणि ज्या पोरीचा पॅच जानेवारीत परत येईल, दोन ओळींचं उत्तर घेऊन, आणि ती लॅपटॉप मिटून ठेवील, तिच्याकडे तिसऱ्या दिवशी कोण जाणार?